भुईखालचे झाड

झाड म्हटले की आपली नजर वर जाते. पाने दिसतात. फुले, फळे दिसतात. उन्हात सावली मिळते. पण झाडाचा मोठा संसार भुईखाली असतो. तो आपल्याला दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याची आपल्याला आठवण राहत नाही.

मग एके दिवशी घराची भिंत तडकते. विहिरीचा चिरा सुटतो. पन्नास वर्षांचे झाड एका वादळात आडवे होते. लोक म्हणतात, "असं एकाएकी कसं झालं?"

ते एकाएकी झालेले नसते. त्याची तयारी भुईखाली कित्येक वर्षे चाललेली असते. कधी मूळ आपले नुकसान करत असते. कधी आपण मुळाचे नुकसान करत असतो. दोन्ही गोष्टी वेळीच ओळखता आल्या तर घर वाचते, झाड वाचते आणि माणसाचा जीवही वाचतो. म्हणून या पाठात आपण भुईखालच्या झाडाची ओळख करून घेऊ.

मुळाची कामे

मुळाची मुख्य कामे तीन. पहिले काम झाडाला धरून ठेवण्याचे. वाऱ्याने शेंडा हलतो, पण बुंधा जागचा हलत नाही, तो मुळांच्या जोरावर. दुसरे काम जमिनीतले पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार वर पोचवण्याचे. तिसरे काम अन्न साठवण्याचे. गाजर, मुळा, रताळे ही साठवलेल्या अन्नाचीच मुळे आहेत.

जाड मुळे पाणी वाहून नेतात आणि झाडाला आधार देतात. जमिनीतले पाणी शोषतात ती मुळांची कोवळी टोके. ती सुतळीहून बारीक असतात. त्यांच्यावर केसासारखी लव असते. ही लव मातीच्या कणाकणाला चिकटून ओल घेते. मोठ्या झाडाला अशी टोके लाखोंनी असतात.

पुष्कळांना वाटते की झाड जितके उंच, तितके त्याचे मूळ खोल. काही झाडांची काही मुळे खरोखर खोल जातात. पण बहुतेक झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात. पाणी शोषणारी बारीक मुळे तर वरच्या एक-दीड फुटातच जास्त सापडतात. मात्र ती आडवी फार लांब पसरतात. दुपारी बारा वाजता झाडाची सावली जेवढी पडते, तिच्याही पुष्कळ पलीकडे मुळे गेलेली असतात.

असे का होते? कारण मुळाला नुसते पाणी पुरत नाही. त्याला हवाही लागते. माणूस जसा श्वास घेतो, तसे मूळही घेते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा खेळते. वरच्या थरात हवाही असते आणि पावसाची ओलही असते. म्हणून मुळे तेथेच वस्ती करतात.

एवढे एक सूत्र ध्यानात ठेवा : मूळ ओलीकडे जाते आणि मुळाला हवा लागते. पुढची सगळी गोष्ट या एका सूत्रात आहे.

भिंतीतला पिंपळ

वड, पिंपळ आणि उंबर ही एकाच कुळातली झाडे. त्यांची फळे साळुंकी, बुलबुल, तांबट असे पक्षी आवडीने खातात. वटवाघळेही खातात. फळातले बी अगदी बारीक, मोहरीपेक्षाही लहान. ते पक्ष्याच्या पोटात पचत नाही, विष्ठेबरोबर बाहेर पडते. पक्षी बसतो कुठे? घराच्या आढ्यावर, देवळाच्या शिखरावर, विहिरीच्या कठड्यावर. तेथल्या भेगेत थोडी धूळ आणि थोडी ओल असली की बी रुजते.

पहिल्या वर्षी दोन-चार पाने दिसतात. कोणी लक्ष देत नाही. पण आत मूळ वाट काढत असते. मूळ धड दगड फोडून आत जात नाही. जेथे आधीच भेग आहे, चुना सुटला आहे, सांधा पोकळ झाला आहे, तेथून ते शिरते. तेव्हा ते दोऱ्याएवढे बारीक असते. ओल लागेल तिकडे ते खाली खाली जाते. एकदा जमिनीला टेकले की त्याला भरपूर पाणी मिळते आणि मग ते जाड होऊ लागते.

पाथरवट दगड कसा फोडतो हे तुम्ही पाहिले असेल. तो दगडात लहानशी खाच करतो, तीत पाचर बसवतो आणि ठोकत राहतो. शेवटी दगड दुभंगतो. भिंतीतले मूळ ही जिवंत पाचर आहे. तिला कोणी ठोकावे लागत नाही. ती दर पावसाळ्यात आपोआप जाड होते. दगड बाजूला सरकतात, सांध्यात पाणी शिरते, उरलासुरला चुना धुऊन जातो. दहा-पंधरा वर्षांत भिंत पोट काढते आणि एखाद्या मुसळधार रात्री कोसळते.

आपल्याकडच्या जुन्या वाड्यांना, किल्ल्यांच्या तटांना आणि पायऱ्यांच्या विहिरींना असा धोका पुष्कळ ठिकाणी आहे. शत्रूच्या तोफा ज्या बुरुजाने सोसल्या, तो बुरूज पक्ष्याने टाकलेल्या एका बीने ढासळू शकतो.

रोप लहान असताना काढावे

हे रोप काढायची वेळ म्हणजे पहिले-दुसरे वर्ष. पावसाळ्यात सांधे ओले असतात, तेव्हा रोप मुळासकट निघते. नुसता शेंडा खुडला तर काही उपयोग नाही. मूळ आत राहिले की पुन्हा फुटवा येतो आणि दर खेपेस मूळ मात्र जाडच होत जाते.

पण पिंपळ म्हटला की हात थबकतो. पडवीच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे, अशा एका घरी गवंडी आणि घरातली आजी बोलत आहेत अशी कल्पना करा.

गवंडी म्हणतो, "आजी, हे रोप काढायला पाहिजे."

आजी म्हणते, "अरे बाबा, पिंपळ आहे तो. त्याला हात लावू नये. मुंज्या कोपतो."

"तोडत नाही, आजी. मुळासकट काढतो आणि गायरानात नेऊन लावतो."

"आणि तिथं नाही जगलं तर?"

"पावसाळा आहे. ओल्या गोणपाटात गुंडाळून नेतो. जगेल. इथं ठेवलं तर झाडाला जागा नाही आणि भिंतही जाईल. या भिंतीशी रात्री पोरं झोपतात ना?"

आजी थोडा वेळ गप्प बसते. मग म्हणते, "झोपतात, हे खरं. काढ तर मग. पण उन्हाळ्यात त्याला पाणी घालायला मी जाणार. आधीच सांगून ठेवते."

या बोलण्यात शहाणपण आहे. पिंपळाचा मान राहिला आणि भिंतही राहिली.

रोपाचे झाड झाले असेल तर मात्र घाई करू नये. दोर बांधून ओढले तर मुळाबरोबर दगडही येतील. अशा वेळी जाणत्या गवंड्याला बोलवावे. आधी वरचे झाड थोडे थोडे कापून हलके करावे. मग एकेक दगड सोडवून मूळ काढावे, दगड पुन्हा जागी बसवावा आणि सांधे भरावेत. जुने काम चुन्याचे असेल तर सांधेही चुन्यानेच भरणे चांगले. किल्ला, लेणे किंवा जुने देऊळ सरकारने संरक्षित केलेले असेल, तर आपण होऊन कुऱ्हाड चालवू नये. पुरातत्त्व खात्याला लेखी कळवावे.

उशीर झाला म्हणजे काय होते याचा एक मोठा दाखला परदेशात आहे. कंबोडिया देशात ता प्रोम नावाचे प्राचीन मंदिर आहे. सातवा जयवर्मन या राजाने ते बाराव्या शतकात बांधले. पुढे ते ओस पडले आणि रान माजले. मोठमोठी झाडे भिंतींवर, छतांवर उभी राहिली. त्यांची मुळे अजगरासारखी दगडांवरून खाली उतरली. त्यांनी पुष्कळ भिंती फोडल्या. पण काही ठिकाणी फुटलेले दगड त्या मुळांनीच आवळून धरले आहेत. झाड ठेवावे तर भिंत फुटते, काढावे तर भिंत पडते! आपल्या देशाच्या पुरातत्त्व खात्याने तेथे जाऊन दुरुस्तीचे काम केले आहे. सांधा न् सांधा तपासून, आधार देऊन हे काम करावे लागते. ज्या रोपाला लहानपणी दोन बोटांनी काढता आले असते, त्याच्यासाठी पुढे दोन देशांचे जाणकार लागतात.

काळ्या मातीतले घर

मूळ भिंतीत न शिरताही घराला तडा देऊ शकते. हे काळ्या मातीच्या मुलखात घडते.

काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात सुकून आकसते. शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. घराचा पाया उथळ असेल आणि जवळच निंब, पिंपळ यांसारखे मोठे झाड असेल, तर झाडाची मुळे पायाखालची ओल शोषून घेतात. तेवढ्या भागातली माती जास्त आकसते. पायाचा एक कोपरा खचतो आणि भिंतीला तिरपी भेग पडते. ती बहुधा खिडकीच्या नाही तर दाराच्या कोपऱ्यापासून निघते.

ही भेग उन्हाळ्यात रुंद होते आणि पावसाळ्यात मिटल्यासारखी होते. लोक म्हणतात, "मिटली, आता काळजी नाही." पण पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

आता तुम्हांला लिहायला येते. त्याचा येथे उपयोग करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने एकेक खूण करा. दोन खुणांतले अंतर पट्टीने मोजा. शेजारी तारीख आणि अंतर लिहा. दर महिन्याला त्याच दिवशी पुन्हा मोजा. वर्षभरात भिंतीवर बारा ओळी होतील. भेग वाढते आहे की नुसती उघडझाप करते आहे, हे त्या बारा ओळी सांगतील. गवंडी किंवा इंजिनिअर आला तर त्याला त्या दाखवा. "साहेब, पुष्कळ दिवस झाले" असे सांगण्यापेक्षा तारखा दाखवणे बरे.

भेगेत बोट जाऊ लागले किंवा भिंत कललेली दिसली, तर वाट पाहू नका. त्या भिंतीजवळ झोपू नका, गुरे बांधू नका, आणि लगेच जाणत्या माणसाला बोलवा.

अशा वेळी रागाच्या भरात झाड एकदम तोडू नये. झाड गेले की इतके दिवस सुकलेली माती पुन्हा पाणी पिते आणि फुगते. मग खचलेली जमीन उलट वर उचलली जाऊ शकते. आधी फांद्या बेताने छाटून पाहतात. पाने कमी झाली की झाडाची तहानही कमी होते. नवे घर बांधताना तर पाया काळ्या मातीवर थांबवूच नये. खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणावे.

विहीर आणि सांडपाण्याचा नळ

विहिरीजवळ ओल कायमची असते, म्हणून मुळे तिकडे धाव घेतात. बांधीव विहिरीचे चिरे ती सैल करतात. विहिरीतून पाणी काढणाऱ्या बायामाणसांचा भार त्याच कठड्यावर असतो. म्हणून दर वर्षी पावसाळा संपला की विहिरीचा आतला घेर पाहून घ्यावा. उगवलेली रोपे काढावीत, सैल चिरे बसवावेत. विहिरीत उतरणे जोखमीचे आहे. एकट्याने उतरू नये.

सांडपाण्याच्या नळाचेही तसेच. नळाचा सांधा गळत असला तर भोवतालची माती ओली राहते. मूळ त्या ओलीला येते, सांध्यातून आत शिरते आणि आत जटा धरते. नळ तुंबतो. आपण झाडाला दोष देतो, पण आधी सांधा गळत होता. न गळणाऱ्या नळाकडे मूळ सहसा फिरकत नाही.

नारळाची तऱ्हा वेगळी आहे. माडाला एक मोठे मूळ नसते. बुडख्यापासून दोरीसारखी शेकडो मुळे फुटतात आणि ती वर्षानुवर्षे जाड होत नाहीत. म्हणून माडाची मुळे भिंत फोडत नाहीत. कोकणात घराच्या अगदी जवळ माड असतात, त्याचे एक कारण हेही असावे. घरावर नारळ आणि झावळ्या पडतात, ती गोष्ट वेगळी!

आता मुळाची बाजू ऐका

इथवर आपण मुळाचे अपराध पाहिले. आता माणसाचे पाहू. हिशेब काढला तर माणसाचेच पारडे जड होईल.

गावातला पार घ्या. जुने पार दगड आणि माती यांचे असत. दगडांच्या फटींतून पावसाचे पाणी आत मुरत असे, हवा खेळत असे. आता पार सिमेंटचा होतो, वर फरशी बसते, आणि सिमेंट थेट बुंध्याला भिडवतात. दिसायला स्वच्छ. पण मुळाचे पाणी तुटले, हवा तुटली. बुंधाही जाड व्हायचा असतो. त्याच्या गळ्याला जणू फास बसतो. झाड लगेच मरत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळू लागतो. तोवर फरशी कोणी बसवली हेही गाव विसरलेले असते.

ग्रामसभेत पाराचा विषय निघाला तर कोणीतरी उठून एवढे बोलावे, "फरशी बसवा, आमची ना नाही. पण बुंध्याभोवती दोन-तीन हात माती उघडी ठेवा. आपण वर बसणार, मग झाडाला खाली प्यायला नको का?"

शहरात हाच प्रकार रस्त्याकडेच्या झाडांचा झाला आहे. दिल्लीतल्या अशा झाडांबाबत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली हुकूम दिला की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकावे. एक मीटर म्हणजे सुमारे सव्वातीन फूट. जी गोष्ट जुना पार बांधणाऱ्याला ठाऊक होती, ती सांगायला न्यायाधिकरण लागले.

दुसरा अपराध भरावाचा. अंगण किंवा रस्ता उंच करायचा म्हणून झाडाच्या बुडाशी दोन फूट मुरूम टाकतात. माणसाच्या नाकातोंडावर उशी दाबावी तसे मुळांचे होते. त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर फिरले की माती दगडासारखी घट्ट होते. तिच्यात ना हवा शिरते, ना पाणी.

तिसरा अपराध चराचा. पाण्याचा नळ, विजेची तार किंवा गटार यांसाठी बुंध्याला लागून चर खणतात. हाताला लागेल ते मूळ तोडतात. एका बाजूची जाड मुळे तुटली की त्या बाजूचा आधार गेला. झाड हिरवेगार दिसते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण त्याचा एक पाय कापलेला असतो.

चौथा अपराध पाणी साचवण्याचा. "झाडाला पाणी जास्त दिले तर काय बिघडते?" असे पुष्कळ जण विचारतात. बिघडते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा बाहेर जाते. मूळ गुदमरते आणि कुजते. नागपुरी संत्र्याच्या बागाईतदारांना हे चांगले ठाऊक आहे. बुंध्याशी पाणी साचले की फायटोप्थोरा नावाच्या बुरशीचा जोर होतो. मुळे कुजतात, बुंध्यातून डिंक गळतो. त्याला 'डिंक्या' म्हणतात. म्हणून झाडाभोवती दुहेरी आळे करतात. आतले आळे बुंध्यापाशी कोरडे ठेवतात आणि पाणी बाहेरच्या आळ्यात सोडतात. पाणी शोषणारी कोवळी मुळे बाहेरच्या अंगालाच असतात. बुंध्यावर ओतलेले पाणी त्यांच्या फारसे कामी येत नाही.

पाचवा अपराध आगीचा. झाडाच्या बुडाशी पालापाचोळा आणि कचरा जाळतात. वरची बारीक मुळे भाजतात, बुंध्याची साल करपते. तोच पाचोळा तेथे नुसता पसरून ठेवला तर त्याचे खत होते आणि ओलही टिकते.

पारंब्यांची किंमत

वडाच्या पारंब्या म्हणजे हवेत लोंबणारी मुळेच. त्या जमिनीला टेकल्या की रुजतात, जाड होतात आणि खांबासारखा आधार देतात. पोरे झोके घेतात, तोवर ठीक आहे. पण वाट मोकळी करण्यासाठी किंवा सहज म्हणून त्या सर्रास तोडल्या तर वडाच्या लांब फांद्यांना टेकू राहत नाही.

पारंबी काय करू शकते हे पाहायचे तर कोलकात्याजवळ हावड्याच्या शिवपूर येथील वनस्पती उद्यानात जावे. तेथे एक फार जुना वड आहे. १८६४ आणि १८६७ सालच्या चक्रीवादळांत त्याला मोठी इजा झाली. पुढे बुरशी लागून मुख्य बुंधा कुजला. शेवटी १९२५ साली तो बुंधा काढून टाकावा लागला. म्हणजे झाडाचे धडच गेले! तरी झाड मेले नाही. आज ते तीन हजारांहून जास्त पारंब्यांवर उभे आहे. त्याचा घेर साडेचार एकरांच्या वर आहे. घरातला कर्ता गेला तरी मुलानातवंडांनी घर सावरावे, तसा हा वड आहे.

वादळ आले की

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धनच्या बाजूला माडांच्या आणि पोफळींच्या वाड्या भुईसपाट झाल्या. काही झाडे मधून मोडली, काही मुळासकट उपटली. लावल्यापासून वर्षानुवर्षे जपलेली झाडे काही तासांत गेली आणि वाडीवर पोट असलेल्या घरांचे उत्पन्नही गेले. एवढ्या वाऱ्यापुढे धडधाकट झाडाचाही इलाज चालत नाही.

पण सगळीच झाडे वादळाने पडत नाहीत. मुळे तुटलेले किंवा कुजलेले झाड साध्या वळवाच्या पावसातही पडते. त्याखाली कधी टपरी असते, कधी शाळेतून परतणारी मुले असतात. असे झाड आधी खुणा दाखवते. त्या खुणा या :

१. सरळ उभे असलेले झाड अलीकडे कलू लागले आहे.
२. झाड कलले त्याच्या उलट बाजूची जमीन फुगली आहे किंवा तिला भेग पडली आहे.
३. बुडाशी भूछत्रे उगवली आहेत.
४. बुंध्यावर ठोकले असता पोकळ आवाज येतो.
५. शेंड्याकडच्या फांद्या वाळत चालल्या आहेत.
६. गेल्या काही वर्षांत बुंध्याजवळ चर खणलेला आहे.

यांपैकी पहिली किंवा दुसरी खूण दिसली तर झाडाखाली थांबू नये, दुसऱ्यालाही थांबू देऊ नये. ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला त्याच दिवशी कळवावे. तोंडी सांगून भागत नाही. चार ओळींचा अर्ज लिहावा आणि त्याची पोच घ्यावी.

झाड आपल्या मनाने मात्र तोडू नये. त्यासाठी कायदे आहेत. शहरांसाठी १९७५ सालचा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे. १९६४ सालचा वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदाही आहे. झाड आपल्या मालकीच्या जागेत असले तरी आधी परवानगी लागते का, ते विचारून घ्यावे. शहरात नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे आणि खेड्यात ग्रामपंचायतीत किंवा वन खात्याच्या कचेरीत चौकशी करावी.

झाड लावताना

झाड लावताना आपण रोपाकडे पाहतो. पाहायला पाहिजे त्याच्या म्हातारपणाकडे. हातभर उंचीचा वड पुढे केवढा होणार, त्याची मुळे कोठवर जाणार, हे खड्डा खणण्याआधी मनात आणावे.

वड, पिंपळ, उंबर, चिंच यांना गायरान, नदीकाठ, मोकळे माळ अशी जागा द्यावी. घरापासून झाडाचे अंतर किती ठेवावे? झाड पुरे वाढल्यावर जेवढे उंच होईल, निदान तेवढे अंतर ठेवावे. काळ्या मातीत तर हा नियम मोडूच नये. परसात लिंबू, पेरू, कढीपत्ता, जास्वंद अशी लहान झाडे लावावीत. त्यांची मुळे फार दांडगाई करत नाहीत. विहिरीच्या काठी आणि सांडपाण्याच्या नळावर मोठे झाड लावू नये.

जुन्या झाडाजवळ चर खणणे भाग असेल तर चराची वाट वळवून बुंध्यापासून दूर न्यावी. मनगटाएवढे जाड मूळ आडवे आले तर ते तोडू नये, त्याच्या खालून नळ सरकवावा. काम झाले की माती त्याच दिवशी परत लोटावी. उघडे पडलेले मूळ उन्हाने सुकते.

झाडाला बोलता येत नाही. पण त्याला हवे काय ते आपल्याला आता कळले आहे : थोडी उघडी माती, मुरणारे पाणी, खेळती हवा आणि पाय पसरायला जागा. एवढे दिले तर ते आपल्या भिंतीच्या वाटेला जात नाही, आणि नातवंडांनाही सावली देते.

उत्तरे द्या

१. बहुतेक झाडांची मुळे जमिनीच्या कोणत्या थरात असतात? का?
२. भिंतीत पिंपळ कसा उगवतो? तो केव्हा आणि कसा काढावा?
३. काळ्या मातीतल्या घराची भेग पावसाळ्यात मिटली, तरी काळजी का घ्यावी?
४. पाराला फरशी बसवताना काय ध्यानात ठेवावे?
५. संत्र्याच्या झाडाला दुहेरी आळे का करतात?

पाहा आणि लिहा

आपल्या घरापासून शाळेपर्यंत चालत जा. वाटेतली मोठी झाडे मोजा. किती झाडांच्या बुंध्याभोवती माती उघडी आहे आणि किती झाडे सिमेंटने आवळलेली आहेत, ते दोन रकान्यांत लिहा. खाली तारीख घाला. तो कागद ग्रामसभेत वाचून दाखवा.